संस्थेचे संकेतस्थळ : आधी माणूस ठरवा, मग प्रणाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील गृहरचना संस्था, वाचनालये, ज्येष्ठ नागरिक संघ, गिर्यारोहण मंडळे अशा लहान संस्थांच्या वार्षिक सभांत अलीकडे एक विषय हटकून येतो : संस्थेचे संकेतस्थळ तयार करण्यास मान्यता देणे. तो बहुधा अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत असतो. गृहरचना संस्थांना सप्टेंबरअखेरच्या आत सभा उरकायची असते, चहा आलेला असतो, आणि ‘अमक्यांचा मुलगा हिंजवडीला आयटीत आहे, तो बघेल’ एवढ्या भांडवलावर ठराव एकमताने मंजूर होतो. संकेतस्थळ तयार होतेही. मात्र वर्षा-दोन वर्षांनी उघडून पाहावे तर मुखपृष्ठावर मागच्या कार्यकारिणीचे छायाचित्र, वाचनालयाची वेळ बदलण्यापूर्वीची, आणि ‘नवीन’ असे लुकलुकणारे चिन्ह लावलेली सूचना कधीच होऊन गेलेल्या कोजागरीची. पैसे वाया गेल्याची कुरकुर पुढच्या सभेत होते, पण त्याचे मूळ कशात आहे याची चौकशी होत नाही. पेठेतील एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी काम करते आणि अशा काही संस्थांची संकेतस्थळे उभी राहताना व बंद पडताना जवळून पाहिली आहेत, म्हणून हे थोडे लांबलेले पत्र लिहीत आहे.

संकेतस्थळावरचा मजकूर, छायाचित्रे आणि सूचना कोड न लिहिता बदलता याव्यात यासाठी जी व्यवस्था असते, तिला आशय व्यवस्थापन प्रणाली किंवा व्यवहारात सीएमएस म्हणतात. लॉगिन करायचे, मजकूर टाइप करायचा आणि ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबायचे, एवढेच वापरणाऱ्याच्या वाट्याला येते. अशा प्रणाली डझनांनी आहेत आणि त्यांतली सर्वांत चांगली कोणती, यावर जाणकारांत तासन्‌तास वाद रंगतात. छोट्या संस्थेने त्या वादात पडण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुट्टीची सूचना प्रत्यक्षात कोण टाकणार, त्या व्यक्तीला कितपत येते, आणि ती व्यक्ती संस्था सोडून गेली तर तिची जागा कोण घेणार, एवढे आधी ठरले की निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळून पडतात.

पहिले नाव अर्थातच वर्डप्रेसचे निघते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये एका जुन्या, काम थांबलेल्या ब्लॉग-प्रणालीच्या पायावर ती उभी केली. ती मुक्त परवान्याखाली मोफत मिळते, तिचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे, आणि आज जगातील दर दहा संकेतस्थळांपैकी साधारण चार तिच्यावर चालतात. ती जाणणारा माणूस कोथरूडपासून खराडीपर्यंत कुठेही सापडतो, आणि एकाने काम सोडले तर दुसरा ते पुढे नेऊ शकतो, हा तिचा मोठाच फायदा आहे. पण प्रणाली मोफत असली तरी तिची देखभाल मोफत नसते, ही गोष्ट ठरावाच्या वेळी कुणी सांगत नाही. मूळ प्रणाली, तिच्याखालचा डेटाबेस (मजकुराचा साठा), वर चढवलेली थीम (दिसण्याचा साचा) आणि निरनिराळी प्लगइन्स (जादा सोयींचे जोड) हे सगळे वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असते आणि ते सतत अद्ययावत ठेवावे लागते. त्यातून कार्यकारिणीला मुखपृष्ठावर सरकती चित्रे हवी असतात, वर धावती पट्टी हवी असते, भेट देणाऱ्यांचा आकडा हवा असतो. यातल्या प्रत्येक हौसेपायी एकेक प्लगइन वाढते. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात पन्नास हजारांहून अधिक प्लगइन्स आहेत आणि त्यांतल्या कित्येकांकडे त्यांच्या कर्त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेलेही नाही. २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःच्या किरकोळ सुरक्षा दुरुस्त्या आपल्या आपण बसवते, परंतु प्लगइन्सच्या बाबतीत ती सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि ती चालू केल्यावरही अधूनमधून डोकावणारे कुणीतरी लागतेच.

हे न झाल्यास काय होते, ते एका परिचित संस्थेच्या बाबतीत पाहिले. संस्थेचे नाव गुगलवर शोधले की तिच्याच पत्त्याखाली जपानी लिपीत बूट आणि पिशव्यांच्या जाहिराती दिसत. संकेतस्थळ थेट उघडले तर मुखपृष्ठ जसेच्या तसे, त्यामुळे कार्यकारिणीला कित्येक दिवस काही कळलेच नाही. एका सभासदाच्या नातीने मोबाइल पुढे केला तेव्हा प्रकार उघडकीस आला. हा हल्ला जगभर इतका सर्रास होतो की त्यातून बाहेर पडण्याच्या सूचना गुगलने स्वतंत्रपणे दिलेल्या आहेत. ‘आमच्यासारख्या लहान संस्थेवर कोण कशाला हल्ला करील’, असे पदाधिकारी नेहमी म्हणतात. वस्तुतः हल्ला करणारा माणूस नसतोच. एखाद्या प्लगइनमधील त्रुटी जाहीर झाली की ती जिथे जिथे असेल तिथे शिरणारे स्वयंचलित प्रोग्राम फिरू लागतात, आणि त्यांना संस्थेच्या आकाराशी काही कर्तव्य नसते.

ड्रुपल आणि जूमला या आणखी दोन जुन्या, भक्कम प्रणाली. मोठ्या विद्यापीठांना, शासकीय खात्यांना त्या शोभतात. पेठेतल्या वाचनालयाला नाही. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि पंधरवड्याने ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगितले की, घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ हॅक झाले आहे असे समजूनच चालावे. भारतीय वेळेप्रमाणे ती घोषणा रात्री साडेनऊची आणि मुदत पहाटे साडेचारची. मानद कार्यवाहाने त्या वेळेत काय करणे अपेक्षित होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे त्याच ड्रुपल ७ चा अधिकृत पाठिंबा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि तिथून पुढच्या आवृत्तीत जाणे म्हणजे बहुतांशी नव्यानेच बांधणे. ज्या संस्थेच्या संकेतस्थळावर सारी मिळून सहा-सात पाने आहेत, तिने हा संसार मांडू नये.

त्या मानाने ज्या प्रणालींना डेटाबेस लागतच नाही, त्यांच्याकडे आपल्याकडे फारसे कुणी पाहत नाही. ग्रॅव्ह, गेटसिंपल, किंवा माहिती साठवण्यापुरतीच हवी असल्यास डोकुविकी, या प्रणाली प्रत्येक पानाचा मजकूर एका साध्या फाइलमध्ये ठेवतात. बॅकअप घ्यायचा म्हणजे एक फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचे, इतके ते सोपे. उद्या प्रणाली बंद पडली तरी त्या फाइली नोटपॅडमध्ये उघडून मजकूर वाचता येतो, आणि पन्नास वर्षांचा संस्थेचा इतिहास ज्यांनी चिकाटीने टाइप करून चढवला त्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. याही प्रणाली अद्ययावत ठेवाव्या लागतात, यांच्यातही त्रुटी सापडतात, परंतु सांभाळायचा पसारा पुष्कळ कमी असतो. अडचण अशी की यांची माहिती असलेली माणसे कमी भेटतात, आणि ‘वर्डप्रेसमध्येच करून देतो’ म्हणणारे सगळीकडे असतात.

याच्याही पुढे जाऊन ह्युगो किंवा जेकिलसारख्या साधनांनी तयार पाने बनवून ती सर्व्हरवर नुसती ठेवून देण्याचा मार्ग आहे. तिथे लॉगिनच नसल्याने फोडायला कुलूपही नसते. पाने झटकन उघडतात आणि होस्टिंगचा, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्याच्या जागेचा, खर्च जवळजवळ शून्यावर येतो. हिंजवडीच्या मुलाला हाच मार्ग सर्वाधिक आवडतो, आणि तांत्रिक दृष्टीने त्याचे म्हणणे खरेही असते. फक्त सुट्टीची सूचना बदलण्यासाठी लॅपटॉपवर आज्ञावली चालवावी लागते, आणि ते काम ग्रंथपाल बाई करणार नाहीत, तोच करणार. तो वर्षभरात अमेरिकेला गेला की संकेतस्थळ गोठले. वर्षातून एकदाच बदलणाऱ्या संकेतस्थळासाठी मात्र, उदाहरणार्थ संस्थेची घटना, इतिहास, पत्ता आणि वर्गणीचे दर एवढेच जिथे आहे, तिथे हा मार्ग मी बिनदिक्कत सुचवीन.

मोफत तयार सेवांबद्दल थोडक्यात सांगते. गुगल साइट्सवर पान जोडणे चिठ्ठी लिहिण्याइतके सोपे आहे आणि अद्ययावत ठेवण्याची चिंता नाही. पण दिलेली सोय काढून घेणे हेही सर्वस्वी देणाऱ्याच्या हातात असते. याहूने जिओसिटीज ही मोफत संकेतस्थळांची सेवा २००९ मध्ये बंद केली, आणि गुगलने छोट्या व्यावसायिकांना बिझनेस प्रोफाइलमधून मिळणारी एकपानी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी दुकानाच्या पाटीवर आणि व्हिजिटिंग कार्डावर तोच पत्ता छापला होता, त्यांना तो खोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. ज्यांचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, स्वतःचे होते, त्यांना तेच नाव दुसऱ्या जागी वळवता आले. मोफत सेवा वापरावी, पण पत्ता आपला असावा. फेसबुक पानाने किंवा व्हॉट्सअ‍ॅप समूहाने भागत असेल तर भागवावे. फक्त गावाबाहेरच्या अभ्यासकाला वाचनालयाची वेळ तिथे शोधूनही सापडत नाही.

मराठीचा प्रश्न मात्र जरा विस्ताराने मांडायला हवा, कारण निविदेत त्याचा उल्लेख नसतो आणि काम झाल्यावर तोच सर्वाधिक त्रास देतो. आपल्या संस्थांचे जुने अहवाल, स्मरणिका, पुस्तकांच्या याद्या डीटीपी करणाऱ्यांकडे श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये पडून आहेत. श्रीलिपी तर पुण्याचीच निर्मिती, आणि मराठी छपाईवर तिचे उपकार आहेत. पण त्या जुन्या फाँटमधला मजकूर संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त दिसायला मराठी. तो संकेतस्थळावर चिकटवला की अगम्य चिन्हांची रांग उमटते. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना कळणाऱ्या मराठी अक्षरांत, रूपांतरित करून घ्यावा लागतो आणि नंतर रफार, जोडाक्षरे, ‘ऱ्ह’ आणि ‘अ‍ॅ’ माणसाने डोळ्यांनी तपासावे लागतात. हे काम कुणाचे, हे करारात लिहिलेले नसले तर ते कुणाचेच नसते, आणि मग पळवाट म्हणून प्रत्येक सूचनेचा फोटो चढवला जातो. फोटोतला मजकूर गुगलला नीट सापडत नाही, अंधांसाठी मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि मोबाइलवर बोटांनी मोठा करून वाचावा लागतो.

थीम बहुधा इंग्रजी शीर्षके डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. शीर्षकातील अक्षरांत थोडी थोडी जागा सोडण्याची त्यांची पद्धत इंग्रजीत सुबक दिसते, मराठीत ती शिरोरेषेचे तुकडे करते; ओळींतले अंतर कमी असले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून नमुना दाखवायला येणाऱ्याच्या हाती ‘दुर्गभ्रमंतीच्या ऱ्हस्व टिपणांचे कार्यकारिणीपुढे वाचन’ असे एखादे खडतर वाक्य द्यावे आणि ते शीर्षकात, परिच्छेदात आणि मेनूत टाकून दाखवायला सांगावे. पाच मिनिटांत थीमची परीक्षा होते.

पानाच्या पत्त्याचेही असेच. वर्डप्रेस मथळ्यावरूनच पानाचा पत्ता तयार करते आणि देवनागरीचे एकेक चिन्ह त्या पत्त्यात नऊ नऊ इंग्रजी चिन्हे होऊन बसते. साठवणीची मर्यादा दोनशे चिन्हांची, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून साधारण बावीस चिन्हांनंतर मराठी मथळा पत्त्यात कापला जातो. आणि हा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्याच्या खुणा आणि आकड्यांची चार ओळींची माळ जाते, जी पाहून ज्येष्ठ सभासद ती फसवणुकीची लिंक समजून पुसून टाकतात. तसे त्यांचे चूक नाही. प्रत्येक पानाला रोमन अक्षरांतला छोटा पत्ता हाताने देणे हा यावरचा साधा उपाय आहे, पण तो सूचना टाकणाऱ्या व्यक्तीला आधी शिकवलेला असावा लागतो.

आता मालकीविषयी. स्थानिक पुरवठादार पुष्कळदा मजकूर बदलण्यासाठी स्वतः बनवलेले पॅनेल, म्हणजे स्वतःचीच सीएमएस, देतात. ते वापरायला अनेकदा खरोखरच सोपे असते, परंतु ते चालवणारा जगात एकच माणूस असतो. एका संस्थेने अशा पुरवठादाराशी करार संपवला तेव्हा तिच्या हाती काही छायाचित्रे तेवढी आली, मजकूर आला नाही, आणि डोमेनही पुरवठादाराच्याच नावावर नोंदवलेले निघाले. संस्थेच्या स्मरणिकेवर छापलेला पत्ता तिचा नव्हताच. करारापूर्वी विचारावे, लेखी उत्तर घ्यावे : उद्या आपले पटले नाही तर आमचा सगळा मजकूर आम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळेल? डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या बँक खात्यातून असावे. नूतनीकरणाची तारीख वार्षिक अंदाजपत्रकाच्या टिपणीत यावी, कारण पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर दुसऱ्या वर्षी राहत नाही आणि खजिनदारांना तो धक्का नेहमी मार्चमध्येच बसतो. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, हेही पाहावे. तो कॅलिफोर्नियात झोपलेल्या माजी सहकार्यवाहाच्या मोबाइलवर येत असेल तर पासवर्ड लखोट्यात घालून तिजोरीत ठेवण्याला अर्थ राहत नाही. ओघात आणखी एक : सभासदांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असलेली यादी पीडीएफ करून सर्वांसाठी खुली ठेवण्याची जी प्रथा आहे, ती ताबडतोब थांबवावी. व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे, आणि कायदा नसता तरी ती गोष्ट गैरच होती.

निवड करताना माझा आग्रह एकाच चाचणीचा असतो. संकेतस्थळ ज्या व्यक्तीने चालवायचे आहे, तिलाच नमुना प्रणालीसमोर बसवावे आणि बाकीच्यांनी गप्प राहावे. आमच्या ग्रंथपाल बाईंना सांगितले होते : वाचनालयाची सायंकाळची वेळ बदला, एका छायाचित्रासह पुस्तक प्रदर्शनाची सूचना टाका, आणि ती काढून टाका. पहिल्या नमुन्यात पाने ओढून-सरकवून रचण्याचे भारी प्लगइन होते. सूचना त्यांना जमली, पण वेळ काही केल्या पूर्ण बदलेना, कारण ती मुखपृष्ठावर, संपर्काच्या पानावर आणि तळपट्टीत अशी तीन ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिलेली होती, आणि तळपट्टीकडे जाण्याचा रस्ता भलत्याच मेनूत दडलेला होता. पुरवठादार तरुण दोनदा मदतीला उठला, दोनदा आम्ही त्याला बसवले. दुसरा नमुना वर्डप्रेसचाच, पण तिच्याबरोबर येणाऱ्या साध्या थीमवर, पृष्ठरचनेच्या कोणत्याही प्लगइनशिवाय केलेला होता. वेळ एकाच जागी लिहिलेली आणि बाकी ठिकाणी तिथूनच उचललेली. बाईंनी तिन्ही कामे कुणालाही न विचारता केली आणि ‘आता निघू का, देवघेव बंद आहे’ म्हणाल्या. आमची निवड तिथेच झाली. दर आठवड्याला सूचना बदलणाऱ्या संस्थेला मी आजही हेच सुचवीन : साधी थीम, मोजकी प्लगइन्स, मराठी पॅनेल, आणि महिन्यातून एकदा अद्ययावत करून बॅकअप घेण्याचे काम ठरलेल्या व्यक्तीकडे, मानधनासह. दोन-तीन महिन्यांतून एकदा काही बदलत असेल तर डेटाबेसविना चालणारी प्रणाली पुरेशी आहे.

ज्या संस्थांच्या विषयपत्रिकेवर यंदा हा विषय आहे, त्यांनी ठरावात रकमेबरोबर जबाबदार व्यक्तीचे पद, तिच्या पर्यायी व्यक्तीचे पद आणि देखभालीची वार्षिक तरतूद लिहावी, आणि पुरवठादाराचा शेवटचा हप्ता संकेतस्थळ सुरू झाल्याच्या दिवशी न देता, संस्थेच्या माणसाने त्याच्या मदतीवाचून एक महिना सूचना बदलून दाखवल्यावर आणि बॅकअपवरून एकदा संकेतस्थळ पुन्हा उभे करून दाखवल्यावर द्यावा. चांगल्या पुरवठादाराची याला हरकत नसते.

कळावे,
आपली नम्र,
वाचनालयाची एक कार्यकर्ती
सदाशिव पेठ, पुणे ३०